जुन्या स्कूटरींवरून रामेश्वर : एका प्रवासाची पूर्वतयारी

अलीकडे पुष्कळ घरांतून एक नवल दृष्टीस पडूं लागलें आहे. जिन्याखालीं गोणपाट पांघरून वीस-वीस वर्षें पडून राहिलेली जुनी स्कूटर एके दिवशीं अंगणांत येते, घरांतील तरुण मंडळी पाने घेऊन तिच्याभोंवतीं बसतात, महिन्या-दोन महिन्यांनीं ती धूर सोडीत सुरू होते, आणि लगेच प्रश्न निघतो, "हिच्यावरून कोठें दूर जाऊन आलों तर?" या प्रश्नास वडीलधाऱ्या मंडळींकडून बहुधा दोन प्रकारचीं उत्तरें मिळतात. एक, "वेड लागलें आहे काय?" आणि दुसरें, "करा काय वाटेल तें!" आमच्या मतें हीं दोन्ही उत्तरें सारखींच निरुपयोगी आहेत. पहिल्यानें मुलांचा उत्साह मावळतो आणि दुसऱ्यानें त्यांचा जीव धोक्यांत पडतो.

आमच्या एकत्र कुटुंबांतहि हा प्रश्न गेल्या वर्षीं निघाला. घरांत तीन जुन्या चेतक स्कूटरी आहेत. दोन पुतणे, त्यांपैकीं धाकट्याची पत्नी, आणि आमच्या दिवंगत पुतण्याचा मुलगा, म्हणजे आमचा नातू, अशा चौघांनीं पुण्याहून तंजावरमार्गें रामेश्वरास जाण्याचा बेत केला. "काका, घरांत तुम्हीच शब्द टाका," अशी गळ त्यांनीं आम्हांस घातली. आम्हीं एकच अट सांगितली : सारा बेत अगोदर कागदावर उतरवा, मग बोलूं. तो कागद पुरा होण्यास चार महिने लागले. त्या अवधींत जें विचारास आलें तें इतर कुटुंबांच्याहि उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहों.

संस्कृतांत योगक्षेम असा एक जोडशब्द आहे. जें मिळालेलें नाहीं तें मिळविणें म्हणजे योग, व जें मिळालें आहे त्याचें रक्षण करणें म्हणजे क्षेम. प्रवासाच्या बेतांत तरुणांचें सारें लक्ष योगाकडे असतें. अमुक गांव गांठावयाचें, अमुक अंतर तोडावयाचें. बेत कागदावर मांडूं लागलें कीं क्षेमाचा विचार करणें भाग पडतें. कागदाचा खरा उपयोग हाच.

यंत्राचा स्वभाव

प्रथम वाहन नीट ओळखलें पाहिजे. दुसरें महायुद्ध संपल्यावर १९४६ सालीं इटलींतील पियाज्जो कंपनीनें व्हेस्पा नांवाची स्कूटर काढली. तिचा आराखडा कोरादिनो दास्कानिओ या विमानविद्येंत मुरलेल्या अभियंत्यानें केला होता. व्हेस्पा या इटालियन शब्दाचा अर्थ गांधीलमाशी. पुढील वर्षीं मिलान येथील इनोचेंती यांची लँब्रेटा आली. लँब्रेटा आपल्याकडे मुंबईंत तयार होऊं लागली, आणि व्हेस्पाच्या जातीची स्कूटर बजाज कंपनीनें पियाज्जोच्या सहकार्यानें काढली. तें सहकार्य १९७१ मध्यें संपलें, व १९७२ पासून तीच जात राणा प्रतापांच्या घोड्याचें नांव धारण करून घरोघर गेली. पुण्याजवळील आकुर्डी हें चेतकचें माहेर. एके काळीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें तिची वाट पाहावी लागे. २००५ च्या सुमारास तिचें उत्पादन थांबलें. २०२० पासून याच नांवानें विकली जाणारी विजेची स्कूटर निराळी; तिचा विचार येथें नाहीं.

जुन्या चेतकचें एंजिन एका सिलिंडरचें, टू-स्ट्रोक, सुमारें १४५ घन सेंटिमीटरचें. तिला साखळी नाहीं. एंजिन मागच्या चाकाशींच जोडलेलें. चाकें अवघीं दहा इंचांचीं. चाकाची धाव दोन अर्धांची असून तीं बोल्टांनीं जोडलेलीं असतात, त्यामुळें साध्या पान्यानें चाक उघडून ट्यूब बदलतां येते, आणि एकच स्टेपनी पुढें व मागें दोन्हीकडे चालते. दूरच्या प्रवासास हा मोठाच गुण. दोषहि तितकेच आहेत. लहान चाकास रस्त्यांतील खड्डा मोठा लागतो. एंजिन उजव्या अंगास असल्यानें भार समतोल नसतो. ब्रेक आजच्या वाहनांच्या मानानें मंद. जुन्या गाड्यांचा पुढचा दिवा एंजिनच्या गतीबरोबर कमीजास्त होतो. गति मंदावली कीं दिवाहि मंदावतो. स्कूटर एका अंगास वाकडी करून मग किक मारण्याचा विधि तर आमच्या पिढीस कोणी शिकवावयास नको!

असें हें वाहन ताशीं चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरच्या चालीवर सुखानें चालतें. त्याहून अधिक पळविल्यास तें पळतें, परंतु तापतें. म्हणून दिवसाची मजल दोनशें किलोमीटरांच्या आंतच असावी, हा पहिला नियम कागदावर आला.

पूर्वींचे प्रवासी

हें साहस अगदींच अघटित नाहीं. जॉर्जो बेत्तिनेल्ली या इटालियन लेखकानें १९९२ मध्यें रोमहून व्हेस्पावर निघून १९९३ मध्यें व्हिएतनाममधील सायगाव गांठलें, व त्यानंतर अनेक खंडांतून तो तसाच हिंडला. आपल्या देशांत म्हैसूरच्या एका गृहस्थांनीं २०१८ मध्यें वडिलांनीं दिलेल्या चेतकवर वृद्ध मातेस मागें बसवून तीर्थयात्रा आरंभिली, आणि हजारों किलोमीटर तिला देवदर्शन घडविलें. त्याहि मागें पाहिलें तर वरसईच्या गोडसे भटजींनीं १८५७ च्या धामधुमींत उत्तर हिंदुस्थान पायीं पालथा घातला व आईवडिलांसाठीं गंगोदक घरीं आणलें. या तिघांत एक गोष्ट समान दिसते : घाई कोणासच नव्हती.

कागदपत्रें

आपल्याकडे खाजगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षें चालते. नंतर प्रादेशिक परिवहन कार्यालयांत वाहन दाखवून दर पांच वर्षांनीं ती वाढवून घ्यावी लागते. जिन्याखालच्या बहुतेक स्कूटरींची मुदत केव्हांच टळलेली असते. तेव्हां रंगरंगोटीपूर्वीं हें काम करावें. पर्यावरण कर, प्रदूषण तपासणीचा दाखला आणि विमा हींहि ओघानें आलींच.

एक सूचना विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठीं २०२१ सालीं केंद्र सरकारनें निराळ्या नोंदणीचे नियम केले. त्या नोंदणीचा क्रमांक मानाचा दिसतो खरा, परंतु तसें वाहन प्रदर्शन, जुन्या वाहनांची फेरी, दुरुस्ती अशा कारणांपुरतेंच रस्त्यावर आणतां येतें. नित्याच्या वापरास मनाई आहे. ज्यास दूर प्रवास करावयाचा आहे त्यानें त्या मानाच्या मोहांत पडूं नये. साधी नोंदणीच वाढवून घ्यावी.

ऋतु आणि मार्ग

आपला पाऊस आश्विनांत आटोपतो, पण तामिळनाडूंत खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर असा पडतो. दिवाळीच्या सुटींत निघणारांस हें ठाऊक नसतें. मार्चपासून ऊन चढतें, आणि वाऱ्यावर निवणाऱ्या जुन्या एंजिनास तें सोसत नाहीं. म्हणून जानेवारीचा उत्तरार्ध व फेब्रुवारी हाच काळ योग्य. मकरसंक्रांतीच्या वेळीं तिकडे पोंगलची गर्दी असते, ती ओसरल्यावर निघावें.

मार्ग ठरला तो असा. पहिला मुक्काम कऱ्हाड, सुमारें १६० किलोमीटर. दुसरा बेळगांव, १८५. तिसरा हावेरी, १७०. चौथा चित्रदुर्ग, १४०. तेथें एक दिवस विसांवा व स्कूटरींची तपासणी. मग तुमकूर, १३०. पुढील दिवशीं पहांटे निघून बंगळूरची गर्दी जागी होण्यापूर्वीं तें ओलांडावें व होसूरास राहावें, ११०. नंतर सेलम, १६०. धर्मपुरी व सेलम यांमधील तोप्पूरचा घाट अपघातांविषयीं कुप्रसिद्ध आहे. तो सकाळच्या प्रहरींच उतरावा. पुढें तिरुचिरापल्ली १४०, तंजावर ६०, तेथें पुन्हां एक दिवस विसांवा, मग कारैकुडी १००, आणि शेवटीं १९८८ मध्यें खुल्या झालेल्या पांबनच्या पुलावरून रामेश्वर, १४०. एकूण अंतर सुमारें १५०० किलोमीटर, चालीचे दिवस अकरा, विसांव्याचे दोन.

तंजावरचा आग्रह आमचा. तेथील बृहदीश्वराचें देवालय राजराज चोळानें बांधविलें व १०१० च्या सुमारास तें पूर्ण झालें, हें सर्वांस ठाऊक असतें. परंतु त्याच देवालयाच्या भिंतीवर सरफोजी राजांनीं १८०३ मध्यें कोरविलेला भोसले घराण्याचा मराठी शिलालेख आहे, आणि सरस्वती महाल ग्रंथालयांत मराठी हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे, याची जाण आपल्या मुलांस क्वचितच असते. एवढ्या दूर जाऊन आपली भाषा दगडांत कोरलेली वाचावयास मिळावी, यापरतें भाग्य कोणतें?

यंत्राचें पाथेय

वाटेंतील शिदोरीस संस्कृतांत पाथेय म्हणतात. टू-स्ट्रोक एंजिनाचें पाथेय म्हणजे पेट्रोलमध्यें मिसळावयाचें तेल. एंजिनाच्या आंतील भागांस वंगण मिळतें तें केवळ या तेलाचें. तें विसरलें कीं पिस्टन जाम झालाच म्हणून समजावें. प्रमाण बनावटीप्रमाणें निरनिराळें असतें, तें जाणत्या मिस्त्रीकडून निश्चित करून घ्यावें. आमच्या गाड्यांस दोन टक्के सांगितलें आहे. म्हणजे पांच लिटर पेट्रोलास १०० मिलिलिटर तेल. लिटरमागें ४० किलोमीटर धरले तर १५०० किलोमीटरांस प्रत्येक स्कूटरीस साडेसदतीस लिटर पेट्रोल व पाऊण लिटर तेल लागेल. तेल घरूनच न्यावें आणि मापाचा पेला टांकीजवळच बांधून ठेवावा. अंदाजानें ओतूं नये.

पेट्रोलहि आतां पूर्वींचें राहिलेलें नाहीं. २०२३ पासून त्यांत वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलें असतें, व आतां बहुतेक सर्वत्र तेंच मिळतें. तें हवेंतील ओलावा ओढून घेतें, जुन्या रबरी नळ्या व सील खराब करतें, आणि त्यावर चालणारें जुनें एंजिन थोडें अधिक तापतें. यास्तव पेट्रोलची नळी, कार्ब्युरेटरमधील गास्केट व सुई नवीं घालावीं, जेट मिस्त्रीकडून त्यास अनुरूप करून घ्यावा, आणि रात्रीं टांकीची चावी बंद करण्यास विसरूं नये.

बरोबर घ्यावयाच्या सुट्या भागांची यादी लहान असली तरी पुरी असावी : क्लच, ॲक्सिलरेटर, गिअर व ब्रेक यांच्या केबली, दोन प्लग, पॉइंट व कंडेन्सर, दोन ट्यूब, बल्ब, क्लच प्लेटी, नट-बोल्ट, तार आणि पाने. तिन्ही स्कूटरी एकाच जातीच्या असल्या म्हणजे एकच संच तिघींस पुरतो. परंतु भाग असून उपयोग नाहीं. ते बसवितां आले पाहिजेत. आमच्या सूनबाई या कामीं सर्वांत पुढें निघाल्या. त्यांनीं मिस्त्रीकडे चार रविवार बसून प्लग साफ करणें, केबल बदलणें व चाक उघडणें शिकून घेतलें. पेट्रोल, तेल व अंतर यांची रोजची वहीहि त्याच ठेवणार आहेत.

प्रस्थान ठेवणें

मुहूर्त साधावयाचा असला आणि निघणें शक्य नसलें तर आपल्याकडे प्रस्थान ठेवीत असत. वस्त्र किंवा सुपारी शेजारच्या घरीं नेऊन ठेवली कीं प्रवास सुरू झाला असें मानीत. यांत्रिक प्रवासासहि असें प्रस्थान हवें, मात्र तें खरोखरीचें. सर्व सामान लादून, सर्व माणसें बसवून, एक मुक्कामाची फेरी करून पाहावी. आमची मंडळी खंबाटकीचा घाट चढून वाईस जाऊन आली. शिरवळच्या पुढें एका स्कूटरीची क्लचची केबल तुटली. ती सूनबाईंनीं रस्त्याच्या कडेस बसून बदलली. मागच्या कॅरिअरवर जड ओझें बांधल्यानें पुढचें चाक हलकें होतें व हँडल थरथरतें, हेंहि तेव्हांच कळलें. आतां जड सामान पाय ठेवण्याच्या जागीं, म्हणजे गाडीच्या मध्यावर, ठेवण्याचें ठरलें आहे.

चालविण्याचे नियमहि याच फेरींत पक्के झाले. सर्वांत मंद स्कूटर सर्वांच्या पुढें चालेल. दर पन्नास किलोमीटरांवर दहा मिनिटें थांबावयाचें. लांब उतारावर ॲक्सिलरेटर बंद ठेवून गिअरमध्यें उतरूं लागलें तर एंजिन फिरतें पण त्यास पेट्रोलबरोबरचें तेल मिळत नाहीं; म्हणून मधून मधून क्लच दाबून थोडा ॲक्सिलरेटर द्यावा. एंजिनाचा आवाज एकाएकीं बदलला वा जोर कमी झाला तर क्षणाचाहि विलंब न लावतां क्लच दाबावा, नाहींतर पिस्टन जाम होऊन मागचें चाक जागच्या जागीं अडकतें.

घरची संमति

इतका कागद तयार झाल्यावर तो आमच्या थोरल्या वहिनींपुढें ठेवला. त्यांचा मोठा मुलगा २००५ सालीं रात्रीं महामार्गावरून मित्राच्या मोटारसायकलवर येत असतां, दिवा न लावतां रस्त्याच्या कडेस उभ्या केलेल्या मालमोटारीवर आदळून गेला. तेव्हां आमचा हा नातू तीन वर्षांचा होता. ज्या स्कूटरीवरून तो आतां जाऊं म्हणतो, ती त्याच्या वडिलांची.

वहिनींनीं तेलाचीं मापें पाहिलीं नाहींत, नकाशाहि पाहिला नाहीं. त्यांनीं पोंचण्याच्या वेळांचा रकाना मात्र बोट ठेवून वाचला. पहिल्या कागदांत हा प्रवास नऊ दिवसांचा होता, आणि पांचव्या दिवसापुढें "चित्रदुर्ग ते होसूर, २४० किलोमीटर, पोंच रात्रीं आठ" असें लिहिलें होतें. तेथें त्यांचें बोट थांबलें.

"दिवेलागणीला तुम्ही कोठें असाल?" त्यांनीं नातवास विचारलें.

"आजी, बंगळूरच्या बाहेर. रस्ता चांगला रुंद आहे."

"रस्ता त्या दिवशींहि रुंदच होता," वहिनी म्हणाल्या. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "भावोजी, सूर्य मावळण्याआधीं चाक थांबेल असें या कागदावर लिहून द्या. मग मी नाहीं म्हणणार नाहीं."

यावर कोणासच कांहीं बोलतां आलें नाहीं. नातवानें त्याच रात्रीं सारा कागद पुन्हां लिहिला. तुमकूरचा मुक्काम त्यामुळें आला, नऊ दिवसांचे तेरा झाले, आणि प्रत्येक दिवसापुढें पोंचण्याची वेळ पांचच्या आंत आली. विचार केला तर यंत्राचा स्वभावहि हेंच सांगत होता. गतीबरोबर मंदावणाऱ्या दिव्यावर रात्रीं विसंबावें तरी कसें?

या भीतीस आधार नाहीं असें कोणीं म्हणूं नये. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणें २०२२ या एका वर्षांत देशांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मृत्यु पावलीं. त्यांपैकीं शेंकडा चव्वेचाळीसांहून अधिक दुचाकीवरचीं होतीं, आणि हेल्मेट न घातलेल्यांची संख्या पन्नास हजारांवर गेली. म्हणून चौघांसहि पुरतें शिरस्त्राण, मागें बसणारीससुद्धां. त्यांत सवलत नाहीं.

परत फिरण्याचा नियम

शेवटचें पान आम्हीं स्वतः लिहविलें. कोणत्या प्रसंगीं प्रवास सोडून द्यावयाचा, तें घरीं शांत चित्तानें ठरवावें. रस्त्यांत अभिमान आडवा येतो. एकाहि माणसास ताप आला तर सर्वांनीं थांबावयाचें. दोन दिवसांत दुरुस्त न होणारी स्कूटर रेल्वेच्या पार्सलानें घरीं पाठवावयाची. ब्रेक सदोष असतां एक किलोमीटरहि पुढें जावयाचें नाहीं. रोज मुक्कामास पोंचतांच घरीं दूरध्वनि करावयाचा, आणि तो वहिनींसच. परतीसाठीं रामेश्वराहून मदुराईस येऊन तेथून स्कूटरी रेल्वेनें पाठवाव्या व मंडळींनींहि गाडीनेंच यावें असें ठरलें आहे. पार्सल करतांना टांकींतील पेट्रोल पूर्णपणें काढावें लागतें व नोंदणीच्या कागदाची प्रत द्यावी लागते, हें लक्षांत ठेवावें.

ज्यांच्या घरीं असा बेत शिजत असेल त्या वडीलधाऱ्यांस आमची एवढीच विनंति आहे कीं, नकार देण्यापूर्वीं किंवा होकार देण्यापूर्वीं मुलांस चार प्रश्न लेखी विचारावे. रोज सूर्यास्ताच्या वेळीं तुम्ही कोठें असाल? तुमच्यांतील सर्वांत मंद वाहन व सर्वांत अशक्त माणूस कोण, आणि मजल त्याच्या बेतानें आंखली आहे काय? वाटेंत बिघडलें तर दुरुस्त कोण करणार? आणि कोणत्या कारणास्तव परत फिराल? या चारहि प्रश्नांचीं उत्तरें ज्यांनीं मनापासून लिहून काढलीं, त्यांस खुशाल जाऊं द्यावें. ज्यांस तीं लिहितां आलीं नाहींत, त्यांस रागें न भरतां आणखी एक महिना द्यावा. रामेश्वर कोठें जात नाहीं.